सुभेदारांनी निजवलेलं पाणी

पाण्यावर उतरणारी विमानं चालवून मी निवृत्त झालो, हे विट्यात अजून कुणाला पटलेलं नाही. आमच्या घरातले सगळे गलाईवाले. सोनं गाळायला एक भाऊ गुवाहाटीला, एक कोचीनला, एक अमृतसरला. ही मंडळी माझ्या आधीपासून विमानानं हिंडतात आणि दिवाळीला एकत्र आली की देशातल्या विमानतळांवर अधिकारवाणीनं बोलतात. कुठं सामान उशिरा येतं, कुठं चहा पिण्यापेक्षा तहान परवडली, कुठं पिशवीतली साधी पक्कडसुद्धा काढून घेतात. मी आपला बेटांच्या देशात हाफ चड्डीवर, अनवाणी पायांनी विमान चालवलेला. एका दिवाळीत थोरले चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, हा होडीच चालवत असणार, घरी सांगायला लाजतोय. मी फराळाकडं लक्ष दिलं.

पाण्यावर विमान उतरणार ही बातमी आमच्या भागात दर उन्हाळ्यात आंब्याबरोबर येते आणि आंब्याबरोबर संपते. पेपरात धरणाचा फोटो, त्यावर कुठल्या तरी परदेशातलं विमान चिकटवलेलं, आणि खाली पर्यटनाला चालना. त्यामुळं एका कंपनीनं सातारच्या डोंगरातल्या एका धरणावर खरोखरच चाचणी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मीही आधी हसलो. मग त्यांनी मलाच फोन केला. पाणी बघा, वारा बघा आणि येणाऱ्या पायलटसाठी सूचना लिहून द्या, असं काम होतं.

अशा सूचना प्रत्येक विमानतळाच्या असतात. धावपट्टीच्या कुठल्या टोकाला झाडं आहेत, वारा कुठून येतो, पक्षी कधी उठतात, हे नवख्या पायलटला आधी कळावं म्हणून. मी मोठ्या हौसेनं लिहिल्या. पश्चिमेच्या अंगाला दरीवरून विजेच्या तारा गेल्या आहेत, त्या लांबून दिसत नाहीत. पाणी खाली गेलं की काठाजवळ बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. मासेमारीच्या जाळ्यांना थर्माकोलचे तुकडे बांधलेले असतात, ते बगळे समजू नयेत आणि बगळ्यांना थर्माकोल समजू नये. म्हशी दुपारी पाण्यात बसतात आणि विमानाला वाट देण्याची त्यांना सवय नाही. शेवटी ठळक लिहिलं की सकाळी लवकर येऊ नये. अकराच्या सुमाराला डोंगरावरून वारा उतरतो, पाण्यावर बारीक लाट उठते, तेव्हा यावं. कंपनीनं म्हशी आणि बगळे गाळले, बाकीचं ठेवलं.

विमान आणणार होती ती मुलगी माझ्या ओळखीची होती. बेटांवर कितीतरी मोसम ती माझ्या उजव्या हाताला बसून शिकली, आणि मी निवृत्त झाल्यावर माझ्याच खुर्चीत बसली. गंमत अशी की ती याच धरणाच्या काठावरच्या गावची. तिचे वडील पलटणीतले निवृत्त सुभेदार. त्यांच्या मनात लेकीनं मिरजेला डॉक्टर व्हावं असं होतं. तिनं तिथला प्रवेश सोडून विमान धरलं, आणि सुभेदारांनी तिच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या घरचा फोन मी ऐकलेला आहे. ती इकडून विचारायची, आबांचा गुडघा कसा आहे? आई फोन बाजूला धरून विचारायची, गुडघा कसा आहे विचारतीये. मागून सुभेदारांचा आवाज यायचा, बरा हाय म्हणावं. गुडघ्याची चौकशी अशी तीन जणांच्या हातातून वर्षानुवर्षं चालली.

मी पाहणीसाठी गावात गेलो तेव्हा सुभेदारांनी मला घरी नेलं, चहा दिला, आणि लेकीचा विषय सोडून बाकी सगळं विचारलं. विमान उतरायला काय लागतं? मी सांगितलं, पाणी मोकळं लागतं. जाळी नकोत, होड्या नकोत, ओंडके नकोत. त्यांनी मान हलवली. मग दाराशी येऊन, चपलांकडं बघत, हळूच विचारलं, "पावणं, पोरगीच चालवणार न्हवं का? का दुसरं कोन तिच्या बाजूला असतंय?"

मी म्हटलं तीच चालवणार. त्यांनी परत मान हलवली आणि आत गेले. मला त्या माणसाची तेव्हा कीव आली. माया पोटात मावत नव्हती आणि ओठावर येत नव्हती.

चाचणीच्या आदल्या दिवशी कळलं की विमान अकराला नाही, आठला येणार. एका पुढाऱ्यांना दुपारी लग्नाला जायचं होतं. वाऱ्याला काय, तो कुणाच्या लग्नाला जात नाही, त्यामुळं त्याला विचारायचं कारण नव्हतं. मी फोनवर आरडाओरडा केला. पलीकडून मला समजावण्यात आलं की कोळ्यांच्या होड्या असतातच, लाँच फिरते, पाणी काही अगदी शांत नसतं. तेही खरं होतं. मी फोन ठेवला.

सकाळी हातात रेडिओ घेऊन काठावर पोचलो तेव्हा अख्ख्या पंचक्रोशीतला माणूस तिथं होता. हलगी होती, गुलालाची पोती होती, फुलं उधळायला जेसीबी होता. आमच्याकडं जेसीबीवाचून सत्कार पुरा होत नाही. धरणातली एकमेव इंजिनाची लाँच ओढून कोरड्यावर घेतली होती. तिच्यावर मांडव घातला होता, सोफा ठेवला होता, आणि सोफ्यावर ते लग्नाला जाणारे पुढारी बसले होते. लाँचच्या इंजिनालासुद्धा हार घातलेला होता. मला हसू येत होतं. मग मी पाण्याकडं बघितलं आणि हसू गेलं.

पाण्यावर काही म्हणजे काही हलत नव्हतं. समोरचा डोंगर त्यात जसाच्या तसा उलटा उभा होता, आणि ढगाचा पुंजका काठाशी येऊन थांबला होता.

सुभेदार पलटणीच्या टोपीत आणि छातीवर पदकं लावून माझ्याजवळ आले. त्यांनी काय केलं होतं ते अभिमानानं सांगितलं. गावातल्या निम्म्या घरांत एकेक निवृत्त जवान. त्या सगळ्यांना त्यांनी पहाटेपासून काठाकाठानं उभं केलं होतं. धुणं धुवायला बंदी, म्हशी गोठ्यात बांधलेल्या, होड्या वर ओढलेल्या, बदकंसुद्धा गोफणीनं हाकललेली. पोरांना सांगून ठेवलं होतं की पाण्यात खडा पडला तर पाय मोडीन. मंत्र्याचं हेलिकॉप्टर येतं तेव्हा मैदान रोलरनं सपाट करतात, पाणी मारतात, धूळ उडू देत नाहीत. सुभेदारांनी तसंच पाणी सपाट करून ठेवलं होतं, लेकीसाठी.

"बगा पावणं," ते म्हणाले, "एक सुरकुती न्हाई."

जमिनीवर उतरणाऱ्या पायलटला धावपट्टी दिसते. पाण्यावर उतरणाऱ्याला पाणी दिसतं ते लाटांमुळं. पाणी असं आरशासारखं झालं की वरून ते दिसतच नाही, दिसतं ते आभाळ. आपण किती उंचावर आहोत याचा डोळ्याला काही म्हणजे काही अंदाज येत नाही. वाटतं अजून बरंच अंतर आहे, आणि तेवढ्यात विमान आपटतं. बेटांवर माझ्याहून कसलेला एकजण असाच विमानासकट नाकावर आपटला होता. अशा वेळी लांबून, अगदी हळूहळू खाली येत राहायचं असतं, पण इथं तारा आणि डोंगर यांच्यामध्ये तेवढी जागा नव्हती. काठ बघून उंचीचा अंदाज येतो, पण त्याच्या कडेनं उतरावं तर खोडं.

तेवढ्यात डोंगरामागून आवाज आला आणि विमान दिसलं. हलगी सुरू झाली. रेडिओवर तिचा आवाज आला, "सर, पाणी सापडत नाहीये मला. खालीपण आभाळच आहे." मी तिला तारांच्या वरच घिरट्या घालायला सांगितलं, आणि परत जायचा सल्लाही दिला. तिच्याकडं इंधन भरपूर होतं. तिनं एक घिरटी पुरी केली. मग तिनं विचारलं की एवढं निवांत पाणी कसं काय झालं, होड्या कुठं गेल्या. मी सांगून टाकलं, तुझ्या आबांनी पहाटेपासून राखून ठेवलंय, तुझ्यासाठी.

"मग थांबते," ती म्हणाली.

खाली लोक टोप्या उडवत होते. विमान फेऱ्या मारतंय म्हणजे सलामी देतंय, असा सगळ्यांचा समज झाला होता आणि पुढारी सोफ्यावरून हात हलवून ती स्वीकारत होते. मला सुभेदारांना बाजूला घ्यावं लागलं. आयुष्यात मी बऱ्याच जणांना वाईट बातम्या दिल्यात, पण हे सांगताना जीभ उचलेना. थोडक्यात सांगितलं. हे पाणी तिला दिसत नाही. असंच राहिलं तर तिनं उतरू नये, आणि उतरलीच तर विमान मोडून पडेल. ते हलायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता.

सुभेदारांनी पाण्याकडं बघितलं, मग विमानाकडं. मला वाटलं वाद घालतील. त्यांचा चेहरा असा उतरला की मीच नजर काढून घेतली. पण पलटणीतला माणूस तो. त्यांनी खिशातली शिट्टी काढली आणि असा काही आवाज दिला की हलगीसुद्धा थांबली.

"पाण्यात शिरा समदी! होड्या घाला! म्हशी सोडा! ढवळा पाणी!"

पहाटेपासून खडा टाकायची बंदी, आणि आता हा हुकूम. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "सुभेदाराला ऊन लागलं वाटतं." आठ वाजता कसलं ऊन? सुभेदारांनी बूट काढले नाहीत, पदकं काढली नाहीत, सरळ गुडघाभर पाण्यात चालत गेले. ते बघून काठावरचे जवान आत शिरले, मग पोरं, मग सगळा गाव. होड्या ढकलल्या. लाँच मात्र हलेना, कारण पुढारी सोफ्यावरून उठेनात. उठले तोवर गोठ्यातून सुटलेल्या म्हशी मांडवाच्या कडेनं पाण्यात गेल्या होत्या आणि लग्नाचे कपडे चिखलानं भरले होते. त्या गोंधळातही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काठाजवळ चांगली खळबळ उडाली. पण मधलं पाणी लांब होतं. ज्या पट्ट्यात विमान टेकणार, तिथवर लाट पोचेना. होड्या वल्ह्यांच्या, त्या निम्म्या वाटेवर. मी रेडिओवर सांगितलं की अजून पुरेसं नाही, परत जा. ती म्हणाली, एकदा खाली येऊन बघते, नाही जमलं तर उठते. मी जे काही पुटपुटलो ते सूचनांमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं.

मग मला दिसलं की कोळ्यांच्या एका फुगवलेल्या ट्यूबवर छाती टेकून कुणीतरी होड्यांच्याही पुढं गेलंय. टोपी होती. सुभेदार होते, होड्या पाण्यात यायच्या आधीच निघालेले. दुखऱ्या गुडघ्याचा म्हातारा पाय मारत मारत त्या पट्ट्याच्या कडेला जाऊन पोचला होता आणि दोन्ही हातांनी पाणी बडवत होता. बाई धुणं बडवते तसं. मी ओरडलो, पण तिथवर काही ऐकू जाणार नव्हतं. तिला कळवलं की डाव्या बाजूला पाण्यात माणूस आहे, लांब राहा. ती म्हणाली, "दिसतोय." विमान तारांच्या पलीकडून वळलं, सरळ झालं, आणि खाली यायला लागलं. विमान खाली, अजून खाली, आणि मग त्याच्यामागं पाण्याची एक लांब पांढरी रेघ उमटली. टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

जेसीबीनं फुलं उधळली, ती बरीचशी म्हशींवर पडली. पुढाऱ्यांनी ओल्या कपड्यांत भाषण केलं आणि चाचणीचं श्रेय ज्याला त्याला दिलं. सुभेदारांना एका होडीनं काठावर आणलं होतं. ते सगळ्यांच्या मागं उभे राहून टोपी पिळत होते. ती गर्दीतून अनवाणी चालत त्यांच्याकडंच आली. तिची आई आता मध्ये नव्हती, मीही चार पावलं मागं झालो, तरी ऐकू आलं. सुभेदार मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माजं. पानी निजवून ठिवलं म्या."

तिनं त्यांच्या हातातली टोपी घेतली.

"आबा, म्हशींच्या लाटा तितवर आल्याच न्हाईत," ती म्हणाली. "पानी मला शेवटपर्यंत दिसलं न्हाई. तुमी दिसला. तुमी छातीभर बुडला हाय म्हंजी पानी तितं हाय, एवढंच धरलं आनि उतरले."