नसरीन मॅडमच्या पुस्तकावर नाव दुसऱ्याचं

नसरीन मेली, आणि काल कॉलेजात तिच्या चोराने तिच्या फोटोला हार घातला.

तिची बहीण सांगत होती, आमच्यात फोटोला हार घालत नाहीत. ऐकतो कोण.

मी शिव्या देणार नाही. नातीने हे अकाउंट उघडून दिलंय, तिला त्याच कॉलेजात तोंड दाखवायचंय. जे झालं तेवढं सांगते.

मी दिवाळे गावची कोळीण. जुईनगरला दारोदार मासे विकते. नसरीन माझं बारा वर्षांचं गिऱ्हाईक. रायगडकडची मुसलमान, कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मासळीची पारख माझ्या सुनेपेक्षा चांगली.

ती मला मावशी म्हणायची. मी मॅडम म्हणायचे. रागावले की नुसतं नसरीन.

ती पुस्तक लिहीत होती. इंग्रजांची कादंबरी जन्माला कशी आली, त्याच्यावर. मराठीतून, म्हणजे ज्या पोरांना इंग्रजी झेपत नाही त्यांनाही कळावं.

रविवारी मी तिच्या बाल्कनीत मांदेली साफ करायला बसले की ती पानं घेऊन यायची आणि वाचून दाखवायची.

"मावशी, तुम्हाला कळलं तर माझ्या पोरांना कळेल."

"म्हंजे मी बिनडोक, असंच ना?"

"नाही हो. तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही तोंडावर सांगता. बाकीचे मान डोलावतात."

तिच्याकडूनच मला कळलं, आधी इंग्रजांकडेही राजे-सरदारांच्याच गोष्टी चालायच्या. मग छापखाने वाढले. वाचता येणारे दुकानदार, कारकून, त्यांच्या बायका वाढल्या. त्यांना आपल्यासारख्यांच्या गोष्टी हव्या झाल्या.

पण मनाने रचलेली गोष्ट म्हणजे खोटेपणा, असं लोक धरून चालायचे. म्हणून लिहिणारा पहिल्या पानावरच सांगून टाकायचा, हे मी लिहिलेलं नाही. कुणाची तरी खरी पत्रं हाती लागली, मी फक्त छापली.

"स्वतः लिवायचं आनि मी नाय म्हनायचं? येडे का ते?"

"धंदा होता, मावशी."

हे मात्र पटलं. मीही बर्फातला पापलेट आत्ताच होडीतून उतरला म्हणूनच देते.

एकदा तिने कामवाल्या पोरीच्या गोष्टीवरचं पान वाचलं. मोठ्या घरात कामाला, मालक मागे लागलेला. पोरगी आईबापाला पत्रांवर पत्रं लिहिते. त्या पत्रांचीच कादंबरी.

मी हातातला मासा खाली ठेवला.

"दिवसभर राबते, मग एवढं लिवते कधी? तिची भांडी कोन घासतं?"

नसरीन हसली नाही. पेन आणायला आत गेली.

"आनि शेवटाला काय व्हतं?"

"मालक तिच्याशी लग्न करतो. तिच्या चांगुलपणाचं बक्षीस म्हणून."

"मग बक्षीस तिला मिळालं का त्याला?"

तेही लिहून घेतलं.

वर्षाने पुस्तक आलं. वरती नाव मोठ्या सरांचं. डिपार्टमेंटचे साहेब. आत बारीक अक्षरात नसरीनचे आभार. टायपिंगबद्दल.

ते जुने लोक लिहून म्हणायचे, मी लिहिलं नाही. हा न लिहिता म्हणतो, मी लिहिलं.

"हे काय गो?"

"मी पर्मनंट नाही, मावशी. तासावर शिकवते. दर जूनला सर ठरवतात कुणाला तास द्यायचे." मग म्हणाली, "त्या काळच्या बायकाही नाव घालायच्या नाहीत. नुसतं छापायचं, एका बाईने लिहिलेलं."

"बाईने लिवलंय एवढं तरी छापीत व्हते. तुला तर मिशा काढल्यान."

खूप हसली. मला तिचं ते हसणं आवडलं नाही.

ह्या जूनला सरांनी तास दुसऱ्या पोरीला दिले.

दोन महिन्यांनी नसरीन हार्टने गेली.

काल शोकसभा. बहिणीने बोलावलं म्हणून गेले. सर माइकवर. ती किती कष्टाळू, किती नम्र. मग म्हणे, माझ्या पुस्तकातला एक उतारा तिला फार आवडायचा, तो वाचतो.

"ही मुलगी दिवसभर राबते, मग एवढं लिहिते कधी? तिची भांडी कोण घासतं?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

मी उभी राहिले.

"ते माझं बोलनं हाय. तिच्या बाल्कनीत बोलले व्हते मी. तू व्हतास का तिथं?"

सर गोड हसले. "आजी भावुक झाल्यात. पाणी द्या कुणीतरी."

"पानी नको. पुस्तक कोनी लिवलं ते सांग."

"काही पुरावा आहे का, आजी?"

पुरावा होता. पुस्तक आल्यावर महिनाभराने नसरीनने कागदांचा जाड गठ्ठा माझ्या टोपलीत ठेवला होता. सगळं तिच्या हातचं. "कच्चं लिखाण आहे, मावशी. सुकट बांधायला होईल."

मी नेला. जवळा, सोडे, सुके बोंबील, सगळं त्यात बांधून विकलं. माझी चौथी झालीय, मराठी वाचता येतं. एक पान वाचलं नाही. बाजाराची घाई होती.

हे मी तिथे कुठल्या तोंडाने सांगणार? दोन पोरींनी दंडाला धरून मला खाली बसवलं. तिच्याबरोबर शिकवणारे सगळे मास्तर मोबाइल बघत होते. त्यांनाही माहीत आहे. त्यांचाही जून येतो.

नसरीनकडे शिकलेल्या पोरांनो, हे वाचत असाल तर ते पुस्तक तुमच्या कपाटात असेल. काढा. वरचं नाव पेनाने खोडा. खाली नसरीन लिहा. कुणाची परवानगी लागत नाही.

नसरीन, तू घाबरलीस ह्याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जाणारही नाही.

पण तू लिहिलंस चांगलं. मला एकदाही कंटाळा आला नाही.

नीज आता, बये. मावशीचा शेवटचा सलाम.