रेघेपर्यंत पाणी

नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मी कम्प्युटरला पाणी पाजायला निघाले होते. हे आता लिहितानाही मला माझीच चीड येते.

झालं असं, की क्रांती चौकातल्या एका ऑफिसात नऊ वर्षं मी इमारतींची थ्रीडी चित्रं काढत होते. चित्रं माझी, नाव ऑफिसचं, आणि उशीर झाला की बोलणी तेवढी माझी. शेवटी वैतागून नोकरी सोडली आणि घरी वरच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. बायपासच्या पलीकडं नवी वसाहत, तिथं आमचं छोटं रो-हाऊस. नवरा म्हणाला, "उन्हाळाभर करून बघ. नाय जमलं तर ऑफिस हायच." ऑफिसचे साहेबही हेच म्हणाले होते, फक्त हसत हसत. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं. काय वाट्टेल ते होऊ दे, पण त्या खुर्चीवर परत बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

नशिबानं पहिलंच मोठं काम मिळालं. एका बिल्डरच्या नव्या स्कीमचा व्हिडिओ करायचा होता, म्हणजे गेटातून आत शिरून सगळी इमारत फिरून आल्यासारखा. अक्षय तृतीयेला बुकिंग सुरू होणार, त्याच्या आत पाहिजे. स्कीममध्ये कारंजं होतं, पोहायचा तलाव होता. मी स्क्रीनवर निळंशार पाणी भरायची आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला की पाइप घेऊन जिना उतरायची. एकदा बिल्डर म्हणाला, तलावात पाणी जरा कमी दिसतंय, वाढवा. मी वाढवलं. माझ्या हातात तेवढंच होतं.

पण घोडं अडलं उन्हावर. खोलीवर पत्रा. दुपारी एक वाजला की मशीन तापून आपोआप बंद पडायचं आणि सकाळपासूनचं काम पाण्यात. एसी लावावा तर आमच्या वसाहतीत व्होल्टेज असं, की पंखासुद्धा मर्जी असेल तर फिरायचा. मी बर्फाची ताटं ठेवून बघितली, ओली चादर लावून बघितली. मग व्हिडिओ बघून बघून ठरवलं, की मशीन पाण्यावर थंड करायचं. गाडीच्या रेडिएटरसारखंच असतं ते. आतल्या तापणाऱ्या भागांवर धातूचे ठोकळे बसवायचे, नळ्यांतून पाणी फिरवायचं, पंप लावायचा, वर एक पारदर्शक टाकी. सगळं सुटं मागवायचं आणि आपल्या हातानं जोडायचं.

जोडताना जीव मेटाकुटीला आला. पहिली नळी तिरकी कापली गेली. दुसरी सरळ कापली तर बोटभर आखूड. नळी जोडायचे नट लागत होते दहा, आले नऊ. दहाव्यासाठी आठ दिवस थांबले. तो आला तर दुसऱ्याच मापाचा, परत बदलून घ्यावा लागला. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय. ठोकळ्यांत साधं पाणी चालत नाही, क्षार बसतो, म्हणून बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला. दुकानदारानं विचारलं, "कितनी बॅटरियां हैं, बाजी?" कम्प्युटरसाठी पाहिजे म्हटल्यावर त्यानं कॅन दिला, पण हसू काही आवरलं नाही.

घरी हसायला सासरे होतेच. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून घर बरंचसं तेच बघायचे. मूळचे सोयगावकडचे, लहानपणी मेंढरं राखलेली, नंतर चितेगावच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून जन्म गेला. पाण्याच्या बाबतीत मामा म्हणजे पक्के. तांदळाचं धुवण भांडी विसळायला, ते विसळवण फरशीला. कुठं नळ ठिबकला की त्यांची झोप मोडते, आणि खाली वाटी ठेवल्याशिवाय परत लागत नाही. त्यांनी माझा कॅन उचलून बघितला आणि म्हणाले, "लई भारी. माणसाला आठ दिवसांनी अन् डबड्याला रोज." मी कॅन घेऊन वर गेले. माझ्याकडं अक्षय तृतीयेपर्यंत सहाच दिवस उरले होते.

आता चाचणी. मशीनला वीज द्यायची नाही, एकट्या पंपाला द्यायची आणि पाणी दिवसभर नुसतं फिरवायचं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. कुठं गळत असेल तर कागद ओला होतो, टाकीतली पातळी उतरते. मी टाकीवर मार्करनं रेघ मारली, पहाटे सहाला पंप सुरू केला आणि समोर मांडी घालून बसले. तीन तास एक थेंब नाही. नऊला बिल्डरचा फोन, साइटवर या, गेटचं डिझाइन बदलायचंय. नाही म्हणायची सोय नव्हती. मी मामांना वर बोलावलं. रेघ दाखवली, कागद दाखवले, "पाणी या रेघेवरच राहिलं पाहिजे, जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि निघाले. साइटवर दिवस गेला. गेट तीनदा बदललं आणि शेवटी पहिलंच कायम झालं.

पाचला घरी आले ती चपलांसकट वर. कागद कोरडे ठणठणीत. पाणी बरोब्बर रेघेवर. मला इतका आनंद झाला, की खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. मामा खाली गवार निवडत होते. मी कागद काढले, वीज जोडली, मशीन सुरू केलं, काम लावलं. पत्रा अजून तापलेलाच होता, पण मशीन गार. अर्धा तास मी नुसता स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा बघत बसले. महिनाभरात पहिल्यांदा वाटलं, जमलं बाई आपल्याला.

मग स्क्रीन काळी झाली. जळका वास आला. वरच्या जोडाखाली एक थेंब लोंबत होता आणि त्याच्या आधीचे थेंब ग्राफिक्स कार्डावर पसरले होते.

मी वीज तोडली तोवर मामा वर आले. आत डोकावून म्हणाले, "परत गळायला लागलं व्हय?"

"परत म्हणजे?"

"दुपारपासून गळतंच व्हतं की. पर एक थेंब वाया जाऊ दिला नाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं, चांगलं काम केलेल्या माणसासारखं. जोडाखाली चटणीची वाटी ठेवली होती. भरली की टाकीचं झाकण काढून पाणी परत रेघेपर्यंत ओतायचं. असं तीनदा केलं. ओले कागद गच्चीवर वाळवून होते तिथं ठेवले. पाच वाजत आले, गळणं थांबल्यासारखं वाटलं, तेव्हा वाटी काढून घासायला टाकली आणि ते खाली गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांपुढं आवाज चढवू नये हे मला कळतं. त्या दिवशी कळलं नाही. मी ओरडले, की मामा, गळतंय का हेच तर बघायचं होतं, कागद ओला व्हायलाच पाहिजे होता, पाणी खाली जायलाच पाहिजे होतं, तुम्ही माझं सगळं काम मातीत घातलं. अजून काय काय बोलले. ते भिंतीला टेकून ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "मग मला इचारायचं ना, पोरी. मी दिवसभर हितंच बसलो व्हतो."

खरंच, मी कागद बघितला, रेघ बघितली. खाली गवार निवडत बसलेल्या माणसाला काही विचारावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि जोड सोडवून बघितला, तर आतली रबरी चकती दुमडलेली. ती बसवली होती मीच. त्यामुळं रागवायला कुणी उरलं नाही, आणि राग तर तसाच होता.

दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवले. कार्ड गेलं, मदरबोर्डही बहुतेक गेला, म्हणाला. सहा दिवसांत नवं काही येणार नव्हतं. मी बिल्डरला फोन लावला. मामा गेले नव्हते, दारातच उभे होते. बिल्डर चांगलं बोलला, त्याचंच जास्त लागलं. "असू द्या ताई, दुसरीकडं बघतो," म्हणाला. मग ऑफिसच्या साहेबांना लावला. ते हसले नाहीत. या म्हणाले, जागा आहे.

फोन ठेवला. नवऱ्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

"सोमवारपासून डबा लागंल ना तुला?" मामांनी विचारलं.

लागेल, म्हटलं.