लांबड्याला की बुटक्याला?

आमच्या पेठेत फुटबॉल खेळणाऱ्याला मान मिळायचा, कुस्ती खेळणाऱ्याला दूध मिळायचं आणि बास्केटबॉल खेळणाऱ्याला शिव्या. तालमीच्या मागं मंडळाचं मैदान होतं. त्याच्या एका कडेला कधीकाळी कुणा हौशी मास्तरांनी सिमेंटचा चौकोन घालून दोन टोकांना दोन लोखंडी खांब रोवले होते, वर फळ्या आणि रिंगा. फुटबॉलवाल्यांना कॉर्नर मारताना त्यातला एक खांब बरोबर आडवा यायचा. त्यामुळे ते आमचा मनापासून द्वेष करायचे. आम्हीही त्यांचा करायचो, पण आम्ही सहाजण आणि ते तीसेक, म्हणून मनातल्या मनात.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. ऊस तुटायला लागला होता, म्हणजे थंडीच. मंडळाच्या अध्यक्षांनी आम्हाला बोलावून घेतलं. त्यांचा गुळाचा व्यापार होता, पण जिभेवर त्याचा काही परिणाम झालेला नव्हता.

"बास्केटवाल्यांनो, औंदा पहिल्या चारात गेलासा तर खांब ऱ्हात्यात. न्हाय गेलासा तर गॅस कटर लावून काढतो. लोखंड तरी कामाला ईल."

"आबा, पण..."

"पण न्हाय. हातानं बॉल खेळायचा आणि वर हारायचं बी. ह्ये कुठलं?"

जिल्ह्याच्या साखळी सामन्यांतले पहिले चार संघ बाद फेरीत जायचे. आम्ही दरवर्षी खालून पहिले. पण त्या वर्षी अध्यक्षांना ठाऊक नसलेली गोष्ट घडत होती: आम्ही जिंकत होतो. आणि जिंकत होतो ते दोन माणसांमुळं.

एक लांबडा. राधानगरीकडचा, घरी म्हशी, इथं मामाकडं शिकायला. मामाच्या घराला चौकटी होत्या त्या सगळ्यांवर त्याच्या कपाळाचा डाग होता म्हणा ना. लांबडा चेंडू रिंगेत टाकायचा नाही, ठेवायचा. फडताळात डबा ठेवावा तसा. बोलायचा कमी, खायचा त्याची भरपाई.

दुसरा बुटका. गडहिंग्लजचा, आजोळ सीमेपलीकडचं. रागावला की आधी मराठीत सुरू व्हायचा आणि शेवट कानडीत करायचा. तो नसेल तर आमचा चेंडू मधली रेघ ओलांडायचा नाही. चार माणसं अंगावर आली तरी तो त्यांच्या पायांमधून कुठूनतरी निघायचा आणि निघताना चौघांनाही काहीतरी लागेल असं बोलून जायचा.

मी सहावा. सहावा म्हणजे पाण्याची कळशी आणि सगळ्यांच्या चपला सांभाळणारा. पण माझ्याकडं एक हत्यार होतं, जे त्या दोघांकडं नव्हतं. चौकातला फळा. मयत कुणाची, पाणी कधी येणार, कुणाच्या पोरानं बारावीत काय दिवे लावले, शेजारच्या पेठेला टोमणा, हे सगळं त्या फळ्यावर लिहायचं काम माझं. अक्षर बरं होतं. स्वभाव नव्हता.

साखळीतला एकच सामना उरला. जिंकला तर बाद फेरी आणि खांब शाबूत, हरला तर गॅस कटर. अशा वेळी शहाण्या माणसानं काय लिहावं? "आपल्या संघास शुभेच्छा." मी लिहिलं:

"लांबडा आजारी पडला तर बुटक्यानं पास कुणाला द्यायचा? खांबाला?"

सकाळी दुधाची किटली घेऊन येणारी माणसं थांबून वाचू लागली. आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलवाल्यांनी बास्केटबॉलबद्दल काहीतरी वाचलं. मला चढली. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं, वेगळ्या वळणात, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं लिहिलं:

"बुटका नसेल तर लांबडा म्हणजे मैदानातला तिसरा खांब. नुसता उभा."

झालं. पेठेचे दोन तुकडे झाले. चौकातल्या चहाच्या गाड्यावर तालमीतले वस्ताद लांबड्याच्या बाजूनं बसले.

"उंच गडीच पायजे. उंची शिकवता येत न्हाय," वस्ताद म्हणाले.

"आणि अक्कल येतीया व्हय शिकवता?" चहावाला गाळणी आपटत म्हणाला. तो बुटक्याचा. "तुमच्याकडं एवढी पोरं ठेवली, एकाला तरी आली का?"

वस्तादांनी कप तसाच ठेवला आणि उठले. पुढं चार दिवस ते पलीकडच्या गल्लीत चहा प्यायला जात होते. मी दोन्हीकडं चहा पीत होतो. इकडं लांबड्याचं कौतुक करायचं, तिकडं बुटक्याचं, आणि निघताना दुसरीकडचं एखादं वाक्य थोडी फोडणी देऊन ठेवून यायचं. एवढं महत्त्व मला त्यापूर्वी कधी मिळालं नव्हतं. पुढंही मिळालं नाही.

संध्याकाळी बुटक्यानं मला फळ्यापाशीच गाठलं.

"तिसरा खांब! झकास हाय रं. पर कालचं कुणी ल्हिलतं?"

"असंल कोणतरी जाणकार."

"त्या जाणकाराचं थोबाड दाव मला एकदा. लांबड्याला बॉल कोण देतंय? त्येचा मामा?"

तो गेला आणि लांबडा आला. फळ्यासमोर उभा राहिला. वाचायला त्याला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं.

"मी नुसता उभा असतो व्हय?"

"तसं न्हाय रं भावा, लोकं काय, ल्हित्यात कायबी..."

"बरं."

लांबड्याचं ते "बरं" मी तेव्हा ओळखायला पाहिजे होतं. राधानगरीकडचा माणूस "बरं" म्हणून गप्प झाला की धरणाचं दार बंद झाल्यासारखं असतं. पाणी कुठं जात नाही, मागं साठत राहतं.

दुसऱ्या दिवशी सरावात बुटका चेंडू घेऊन पळाला, लांबडा रिंगेखाली हात वर करून उभा, आणि बुटक्यानं चेंडू दिला तिसऱ्यालाच. मग रिंगेवरून उडालेला चेंडू लांबड्यानं वरच्यावर धरला, बुटका समोर मोकळा, आणि लांबड्यानं तो शांतपणे मैदानाबाहेर पाण्याच्या कळशीपाशी माझ्याकडं टाकला. कुणाला देण्यापेक्षा वाया घालवलेला बरा. दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले. मी काय केलं? फळ्यावर लिहिलं: "सरावात अबोला. रविवारी कोण कुणाला पास देणार?"

त्याचं उत्तर मलाच द्यावं लागणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्या पाचजणांतला एक कोडोलीचा होता. त्याचा ऊस महिनाभर तोडीची वाट बघत उभा होता, आणि नेमकं रविवारी पहाटे ऊसतोडीची टोळी दारात आली. टोळी परत पाठवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यानं निरोप धाडला आणि कोयता घेतला. कळशी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मी मैदानात उतरलो. बुटक्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "संपलं." बास्केटबॉलबद्दलचं आख्ख्या मोसमातलं सगळ्यात अचूक मत ते.

सामना पलीकडच्या पेठेच्या मैदानावर. आमची सगळी पेठ आली होती. लांबड्याची माणसं एका बाजूला, बुटक्याची दुसऱ्या, आणि आमचेच फुटबॉलवाले मध्यभागी बसून समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवत होते. शिट्टी वाजली आणि त्यांनी सुरू केलं, "खांब काढा! खांब काढा!"

खोटं सांगत नाही, ते दोघं त्या दिवशी जसे खेळले तसे त्यापूर्वी कधी खेळले नव्हते. रागात. लांबडा दोघादोघांच्या डोक्यावरून चेंडू ओढून रिंगेत ठेवत होता आणि ठेवून झाल्यावर बुटक्याकडं बघत होता. बुटका एकटाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळून बास्केट करत होता आणि परत येताना लांबड्याच्या अंगावरून जात होता. एकमेकांना मात्र एकही पास नाही. चेंडू अडला की तो माझ्याकडं यायचा, कारण मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. असं त्यांना वाटत होतं. त्या एका दुपारी मला जेवढे पास मिळाले तेवढे मागच्या तीन वर्षांत मिळाले नव्हते. बरेचसे मी समोरच्या संघाला पोचते केले. थोड्या वेळानं त्यांनी मला अडवणंही सोडून दिलं. त्यांना मी कळलो होतो.

शेवटाला आलो तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. वेळ संपत आलेली. चेंडू बुटक्याकडं. तिघं त्याच्या अंगावर. डावीकडं लांबडा मोकळा, हात वर. बुटक्यानं त्याला पाहिलं, हे मी पाहिलं. त्यानं दात खाल्ले आणि चेंडू माझ्याकडं मारला. मी कुठं होतो? रिंगेच्या बरोबर खाली. कुणी अडवत नसल्यामुळं फिरत फिरत तिथं जाऊन उभा राहिलो होतो.

"दे!" डावीकडून लांबडा. आठवड्यातला त्याचा पहिला शब्द.

"हिकडं, हिकडं दे, खुळ्या!" उजवीकडून बुटका. पास देऊन तो सरळ आत घुसला होता.

आता बघा. सगळा आठवडा मी या एका विषयावर फळाभर बोललो होतो. उजव्या हातानं आणि डाव्याही. कोण मोठा, कुणाशिवाय संघ चालत नाही, याच्यावर माझ्याइतका विचार कोल्हापूर शहरात कुणी केला नव्हता. आणि त्या क्षणी दोन्ही बाजूंचे माझेच मुद्दे माझ्या डोक्यात एकमेकांना ढकलत उभे राहिले. लांबड्याला दिला तर चहावाला काय म्हणेल? बुटक्याला दिला तर वस्ताद? लांबडा ठेवेल नक्की, पण पास गेला पाहिजे. बुटका घेईल नक्की, पण तो...

पंचांची शिट्टी वाजली.

बास्केटबॉलचा एक नियम आहे. समोरच्याच्या रिंगेखाली आखलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पंचांनी माझ्या नाकासमोर तीन बोटं धरली, चेंडू माझ्या हातातून काढून घेतला आणि समोरच्यांना दिला. ते नुसते पळत राहिले. सामना संपला.

रिंग माझ्या डोक्यावर होती, हे मला घरी जाताना सुचलं. कुणालाच न देता मी स्वतःच चेंडू वर टाकू शकत होतो.

पण त्याआधी मैदानात काय झालं ते सांगतो. दोघं माझ्याकडं आले. लांबडा डावीकडून, बुटका उजवीकडून. इतक्या दिवसांनी बुटका लांबड्याशी बोलला.

"ह्यो काय करत हुता रं थितं?"

"नुसता उभा हुता," लांबडा म्हणाला.

"होगो!" बुटका माझ्यावर ओरडला. चालता हो, एवढं मलाही कळलं. पुढचं सगळं कानडीतच झालं. मला कानडी येत नाही, पण त्यात माझे आईवडील, आजोबा आणि डावा हात आला असावा, कारण मधूनच तो माझ्या डाव्या हाताकडं बोट करत होता. डाव्या हाताचं त्यांना कसं कळलं होतं हे मी विचारलं नाही. मागून टाळ्यांच्या ठेक्यावर चाललं होतंच, "खांब काढा! खांब काढा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा आधीच लिहिलेला होता. वरची ओळ एवढ्या उंचावर की तिथं हात पोचणारा पेठेत एकच: "संघात सर्वांत महत्त्वाचा गडी कोण, हा वाद मिटला." आणि अगदी खाली, तिरक्या घाईच्या अक्षरात: "फळा लिहिणारा." मी फडकं घेऊन पुढं झालो, तर गाड्यावरून चहावाला ओरडला, "पुसायचं न्हाय!" वस्ताद त्याच्या शेजारीच बसले होते. चहा पीत.

अध्यक्ष शब्दाचे पक्के. त्याच आठवड्यात कटर आला. ठिणग्या बघायला फुटबॉलवाले सगळे हजर. पहिला खांब आडवा झाला आणि तो गेटपर्यंत उचलून न्यायला लांबडा आणि बुटका पुढं झाले. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. पुढचं टोक लांबड्याच्या खांद्यावर, मागचं बुटक्याच्या; खांब उतरत्या छपरासारखा तिरका. चार पावलं गेले आणि बुटका खेकसला.

"सगळं वजन मागं आलंय की! तू नुसता खांदा लावलायस."

"पुढनं वडतंय कोण मग?" लांबडा म्हणाला.

"वडतोस व्हय? तुझा मामा वडतोय!"

"मग सोड तू."

दोघं थांबले. खांब खांद्यावर तसाच. कडेला उभी सगळी पेठ बघायला लागली, आणि कुणीतरी म्हणालं, वजन मागंच जास्त येणार. कुणीतरी म्हणालं, छट्, पुढं. मला राहवेना. मी मधोमध जाऊन खांद्यावर घ्यायला वाकलो.

"तू हात लावू नगंस!" दोघं एकदम ओरडले, आणि पुन्हा चालायला लागले.