महिपतची जीप आणि सरकारची गाडी

पोलादपूरहून उमरठच्या पुढे डोंगर चढत गेलं की पांगारकोंड ही वाडी लागते, आणि पांगारकोंडेत शिरलं की आधी महिपत उतेकराचा आवाज ऐकू येतो, घर मागाहून दिसतं. आवाज बहुतेक वेळा सरकारला नावं ठेवण्याचा असतो. पाऊस लांबला तर सरकारचं चुकलं, जास्त झाला तरी सरकारचंच चुकलं. "जिला मालक नाय ती वस्तू नीट चालंल कशी? सरकारी म्हणजे कुणाचीच नाय," हा त्याचा ठरलेला सिद्धांत. रेशनचा तांदूळ पिशवीत ओतून घेताना, सरकारी दवाखान्यातून फुकटच्या गोळ्या आणताना आणि घरकुलाचा हप्ता कुठं अडकला ते विचारतानाही तो हाच सिद्धांत सांगायचा. ऐकणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण तेही त्याच रांगेत उभे असत.

मुंबईत ऐन उमेदीची वर्षं महिपतनं दुसऱ्याचा टेम्पो चालवला. मग गावी आला आणि जुनी जीप घेऊन वडाप सुरू केली. वाडी ते पोलादपूर. वडापला ना तिकीट ना वेळापत्रक. माणसं भरायची आणि सुटायचं. नियम एकच, सगळ्या सीटा भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही. या नियमावर त्याची श्रद्धा होती म्हटलं तरी चालेल. अर्ध्या भरलेल्या गाडीत चावी फिरवायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

त्याच्या या धंद्याला एकच आडकाठी होती, सकाळची एसटी. ती वर यायची, देवळापुढच्या मोकळ्या जागेत वळायची आणि पोलादपूरवरून महाडला जायची. भरून जात नसे, पण वेळेवर जायची. शाळेची पोरं, फुकट प्रवासाचं वय झालेली म्हातारी माणसं आणि अर्धं तिकीट झाल्यापासून बायका. महिपतची बायको शकू महाडच्या बाजाराला जायची तीही एसटीनंच.

"घरची गाडी दारात असताना तू लालडब्यात बसतेस? लोक काय म्हणतील?"

"तुमची गाडी सुटंपर्यंत बाजार उठतो," शकू म्हणायची आणि पिशव्या उचलायची.

तर अशा परिस्थितीत सहाणेचा विषय निघाला. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी टेकवायचा ओटा. पालखी नाचवताना हल्ली मुंबईकर इतके येतात की पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून गावच्या मुंबईकरांच्या मंडळानं ठरवलं, सहाण वाढवायची, भोवती पेवर ब्लॉक बसवायचे, एका बाजूला देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची. देवळात गावकी, म्हणजे गावची बैठक, बसली. मंडळाचे पदाधिकारी मोबाइलच्या स्पीकरवरून बोलत होते आणि मधेच रेंज गेली की गाव माना डोलवत होतं. वाढवलेली सहाण नेमकी एसटी वळायच्या जागेवर येत होती.

"मग एसटी वळंल कुठं?" कुणीतरी विचारलं.

महिपत याचीच वाट बघत होता. "वळायला पायजेच कशाला? रिकामी येते, रिकामी जाते. सरकारचं डिझेल जळतंय फुकट. माणसांची अडचण होईल म्हणता, तर मी हाय की!"

गावकीचा प्रमुख, गावकार कोंडाजीनं एकदा सगळीकडे बघितलं आणि म्हणाला, "ठरलं." गावकीत ठरलं म्हणजे ठरलं, त्यावर अपील नाही. बायका तिथं बसत नाहीत, त्यामुळे शकूला कुणी विचारलं नाही. खालच्या वळणावर बौद्धवाडी आहे, ती गावकीत धरत नाहीत, त्यामुळे तिलाही कुणी विचारलं नाही. पालखीच्या कामात त्यांचा काय संबंध, असाच सगळ्यांचा हिशेब. विषय पालखीचा नव्हता, गाडीचा होता, आणि गाडीत अर्धी माणसं बौद्धवाडीचीच असायची, हे त्या दिवशी देवळात एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कोंडाजी आणि महिपत एसटीच्या डेपोत साहेबांना भेटायला गेले. साहेबांनी चष्मा वर केला. "गाडी द्या म्हणून रोज कुणीतरी येतं. नको म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. वाडीतल्या सगळ्यांना विचारलंय ना?"

"गावकीनं ठरवलंय," कोंडाजी छाती पुढे काढून म्हणाला. साहेब म्हणाले, बरं, दुसरं एक गाव कधीपासून मागतंय, त्यांना देतो.

महिपतनं येताना पेढे आणले. पण पेढे संपायच्या आत त्याच्या लक्षात आलं, की एसटी गेली खरी, एसटीचं सगळं काम मात्र आपल्या बोकांडी बसलंय. म्हातारी माणसं जीपमध्ये बसायची आणि पैसे मागितले की ओळखपत्र पुढं करायची. बायका अर्धेच द्यायच्या. "एसटीत अर्धंच होतं," हे त्यांचं उत्तर, आणि त्या उत्तरापुढं महिपतचा सिद्धांत चालत नसे. कुणी पोलादपूरला शिकणाऱ्या पोराचा डबा द्यायचा, कुणी दवाखान्यातून औषध आणायला सांगायचं, कुणी म्हणायचं, एसटी रस्त्यात हात केला तरी थांबायची, तू का रे नाय थांबलास? एकदा जीप पंक्चर झाली तर चार बाया त्याच्या दारात भांडायला आल्या.

"मी काय सरकार हाय?" तो ओरडला.

"मग गाडी कशाला घालवलीस?" त्यातली एक म्हणाली. आत शकू पदर तोंडाला लावून हसत होती.

इथपर्यंत सगळी मजाच होती. वाडीनं महिपतची चेष्टा केली, महिपतनं वाडीला शिव्या दिल्या, आणि सीटा भरत राहिल्या. मग बारावीची परीक्षा आली.

बौद्धवाडीतल्या नागसेनची मुलगी दिशा पोलादपूरला बारावीला होती. नागसेन आणि महिपत लहानपणी एका बाकावर बसलेले. नागसेन महाडला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला, आठवडाभर तिकडंच खोली घेऊन राहायचा. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी दिशाची आई राजश्री वळणावर उभी राहून महिपतला म्हणाली, "भाऊ, उद्या पोरीला वेळेवर पोचवा."

"वयनी, तुम्ही निवांत झोपा," महिपत म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून सांगितलं होतं.

सकाळी त्यानं दिशाला मुद्दाम पुढच्या सीटवर बसवलं. जीप निघाली तेव्हा मागं दोन सीटा रिकाम्या होत्या, आणि त्या त्याला आरशात दिसत होत्या. वाटेतल्या दुसऱ्या एका वाडीच्या थांब्यावर त्याचा फोन वाजला. कुणी नवरा-बायको लग्नाला निघाले होते. "निघालोच, बायको साडी नेसतेय, दोन मिनिटं थांब." महिपतनं गाडी बंद केली. नेमक्या दोनच सीटा, अगदी देवानं पाठवल्यासारख्या.

दिशानं पुस्तक मिटलं. "काका, उशीर होईल."

"होतंय काय गो उशीर? हे काय, आलेच."

ते आले नाहीत. दिशा एकदा रस्त्याकडं बघत होती, एकदा महिपतकडं. महिपतला तिचा त्रास कळत नव्हता असं नाही. पण इतका वेळ थांबलो तर आणखी थोडं, असं प्रत्येक वडापवाल्याला वाटतं, आणि एकदा वाटायला लागलं की वाटतच राहतं. शेवटी साडी नेसून झाली, गजरा माळून झाला, नवरा-बायको येऊन बसले. मग महिपतनं जीप घाटातून अशी काढली की नवरी मुलगी बघण्याआधी ती बाई देवच आठवायला लागली.

परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. दिशानं हॉल तिकीट दाखवलं, हात जोडले. फाटकावरच्या माणसाचाही चेहरा पडला होता, पण नियमापुढं त्याचं काही चालत नव्हतं. महिपत खाली उतरून त्याच्याशी भांडला, मग त्याच्या विनवण्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की काहीतरी बिघडलं होतं आणि सरकारचं नाव घ्यायची सोय नव्हती.

"चल बाळा, घरी सोडतो," तो म्हणाला.

दिशा फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसली. "तुम्ही जा. मैत्रिणी बाहेर आल्या की मी येईन." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं महिपतला वाटलं.

त्या दिवशी त्यानं रिकामी जीप वर आणली. शकूला सगळं आधीच कळलं होतं. ताट वाढून ती समोर बसली. "सरकारी म्हणजे कुणाचीच नाय, असं म्हणता ना तुम्ही? ती गाडी त्या पोरीची होती." महिपतनं ताट बाजूला सारलं.

रविवारी नागसेन आला. महिपत स्वतःच वळणावर जाऊन उभा राहिला. शिव्या पडतील, कदाचित दोन थोबाडीतही बसतील, अशी त्यानं मनाची तयारी केली होती.

"तुला शिव्या देऊन पेपर परत होणार नाही," नागसेन म्हणाला. "पण मला एक सांग, गाडी नको म्हणायला गेलात तेव्हा आमच्या वाडीत येऊन विचारायला किती पावलं चालावी लागली असती?"

महिपतनं वळणापासून पहिल्या घरापर्यंतची वाट नजरेनं मोजली.

"उद्या मी रजा टाकतोय. डेपोत जाऊ. बोलायचं तू."

तेच साहेब, तोच चष्मा. त्यांनी महिपतला लगेच ओळखलं. "तुम्हीच ना ते? आता काय नकोय?"

"गाडी पायजे, साहेब."

"तुमची जीप आहे ना?"

टेबलाभोवतीची माणसं हसायला लागली. महिपतचे कान लाल झाले, पण तो बोलला. "साहेब, माझी गाडी भरली की सुटते. तुमची वेळ झाली की सुटते. पोरांना वेळेवरची पायजे." नागसेननं खिडकीबाहेर बघितलं. लहानपणापासून ओळखत असूनही महिपतच्या तोंडून असलं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी विचार करून सांगितलं, जूनमध्ये शाळा सुरू होताना गाडी देता येईल. पण वळवणार कुठं? सहाणेवर पेवर ब्लॉक बसले होते, पाटी लागली होती, आणि ते उखडायचं नाव काढलं असतं तर मुंबई मंडळ स्पीकरवरून नाही, प्रत्यक्ष आलं असतं. गावकी बसली. या खेपेला बौद्धवाडीतली माणसं बोलावली, नागसेन आणि राजश्री दोघंही आली, आणि राजश्री आली म्हटल्यावर शकूही चार बायकांना घेऊन येऊन बसली. चर्चा सगळी झाली, जागा मात्र कुणी देईना. सगळ्यांना गाडी हवी होती, पण दुसऱ्याच्या दारातून.

"माझ्या खळ्यात वळवा," महिपत म्हणाला.

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. भात तिथं झोडायचं, मिरच्या तिथं वाळायच्या, जीप तिथं उभी राहायची. त्यानं खळ्याभोवतीचा दगडी गडगा पाडला, पेरूचं झाड काढलं, आणि जूनमध्ये एसटी आली ती त्याच्या पायरीपर्यंत. रोज सकाळी कंडक्टर शिट्टी मारत गाडी मागं घ्यायला लावायचा आणि शकू त्याला चहा द्यायची. महिपतची जीप खाली फणसाच्या झाडाखाली गेली. धंदा निम्म्यावर आला, तरी तो खुशीत होता. येईल-जाईल त्याला गडग्याचे उरलेले दगड दाखवायचा. आपलं फिटलं, असं त्याला मनातून वाटत होतं.

जुलैत दिशाचा राहिलेला पेपर होता. बाहेर धो धो पाऊस. महिपत पहाटेच उठला, जीपच्या सीटा पुसल्या, दिशासाठी म्हणून पुढच्या सीटवर कोरडा टॉवेल अंथरला आणि एसटी निघायच्या आधी वळणावर जाऊन उभा राहिला. दिशा छत्री घेऊन थांब्यावर आलीच होती.

"बस गो. तू एकटीच. वाटेत कुणासाठी थांबणार नाय, आणि पैसंही नकोत."

"नको, काका."

"अगो, राग हाय अजून?"

दिशानं क्षणभर विचार केला. "राग नाही. पण तुमच्या गाडीत बसलं की सारखं तुमच्या तोंडाकडं बघावं लागतं. काका निघणार का, थांबणार का. एसटीत बसलं की मी पुस्तक बघते."

खळं कुणी दिलं, हे महिपतच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. आपण दिलं म्हणून ती गाडी आपली होत नाही, आणि पोरीनं आपल्याला बरं म्हणावं म्हणून ती सुटतही नाही, हे त्याला कळलं आणि लागलंही.

मागून हॉर्न वाजला. त्याची जीप थांब्याच्या मधोमध उभी होती. त्यानं ती बाजूला घेतली. एसटी थांबली, दिशा चढली, आणि गाडी पोलादपूरकडं निघाली.