कमळ सिस्टरला कुणी शिकवलं

शहापूरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात कमळ हरड चौदा वर्षं नर्स होती. सगळी तिला कमळ सिस्टर म्हणत. एक गोष्ट मात्र तिला तिथं मनातून खात असे. बाळंतीण दुसऱ्या दिवशी "दूध उतरत नाय" म्हणून रडकुंडीला आली, की डॉक्टर पावडरीचा डबा लिहून देत आणि कमळ बाटली उकळायला टाकी. दुसरं काय करायचं, हे तिलाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

शहाण्णव साली किन्हवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीतून भिमी नावाची पोर तिथं आली. वाडीतली बाळंतपणं तिची सासू तानीच करी, पण बाळ अडलं म्हणून तिनंच सुनेला जीपमध्ये घालून आणलं होतं. बाळ सुखरूप झालं, पण दुसऱ्या दिवशी अंगावर पिईना. कमळ बाटली घेऊन आली, तर तानी खाटेवर चढून सुनेच्या पाठीमागं बसलेली.

"तू वाकू नको गो. पोराला उराशी आण. त्याचं पोट तुझ्या पोटाला लाव."

तिनं बाळाची हनुवटी बोटानं जराशी खाली केली. बाळानं तोंड मोठं उघडलं आणि चुकचुक करत ओढायला लागलं. कमळ बाटली हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढं आठवडी बाजारात तानी रानभाजी घेऊन बसली, की कमळ तिच्यापुढं उकिडवी बसायची. छातीत गाठी झाल्या तर काय करायचं, बाळ झोपाळू असेल तर काय? तानी गिऱ्हाईक करता करता सांगायची.

दोन हजार तीन साली कमळनं नोकरी सोडली. घराच्या पडवीला लागून असलेली खोली तिनं चुन्यानं रंगवली, एक खाट आणि दोन उशा ठेवल्या आणि बाहेर पाटी लावली, 'बाळंतिणींसाठी स्तनपान सल्ला'. आळी हसली. नवरा धाकलूही म्हणाला, "पाजायचं कसं, हे इचारायला कोण येल गो तुझ्याकडं?" दोन महिने खरंच कुणी आलं नाही. जी आली, ती इंजेक्शन टोचून घ्यायला.

मग एका बाजाराच्या दिवशी भातसानगरच्या वसाहतीतून स्नेहल आली. अकरा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, छाती दगडासारखी, बोंडं चिरलेली. कमळनं हात लावला तशी ती किंचाळली. कमळ धावत बाजारात गेली आणि तानीला घेऊन आली. तानीनं साबणानं हात धुतले, ऊन पाण्यात फडकं पिळून शेकलं, आणि मग तळव्यानं, पिठावरून हात फिरवावा तितक्या हलक्यानं, गाठी मोकळ्या केल्या. तासाभरात दूध वाहायला लागलं. स्नेहल रडता रडता हसत होती.

तिनं वसाहतीत सांगितलं, तिथून नाव पसरलं. बाया यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी तानी सकाळी भाजी विकायची आणि दुपारी टोपली घेऊन कमळच्या खोलीत बसायची. कमळ विचारपूस करी, वहीत लिही. हात तानीचे असत. पाटीवर नाव तेवढं कमळचं होतं, आणि ते कुणाला खटकलं नाही. कमळलाही नाही.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानदाराची बायको सून घेऊन आली. दाराशी गाडी उभी राहिली. खोलीत पाऊल टाकताच बाईंची नजर कोपऱ्यात बसलेल्या तानीवर गेली.

"ही कोण?"

"ती होय? भाजीवाली हाय," कमळ म्हणून गेली. "पावसाची बसलेय जरा."

"मग ठीक. मला वाटलं, हीच हात लावते की काय सुनेला."

तानी उठली. तिनं टोपली पुढं ओढली आणि म्हणाली, "करटुली घ्या बाई. आजच तोडलीत." बाईंनी घेतलीसुद्धा. दारातून बाहेर पडताना तानीनं एकदाच कमळकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी बरोबर केलं ना, असं विचारल्यासारखं पाहिलं तिनं.

कमळ मग सुनेच्या पाठीमागं बसली. बाळ अर्ध्या तासात ओढायला लागलं. "हाताला गुण आहे हो तुमच्या," बाई म्हणाल्या.

पुढच्या बाजाराला तानी आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. तिसऱ्या आठवड्यात कमळच बाजारात गेली.

"येत नायस ती?"

"भाजी कोण इकल मग?"

"तानी, त्या दिवशी मी..."

"अवो, त्यात काय! भाजीवालीच ना मी." ती हसली आणि रानभाजीच्या दोन जुड्या कमळच्या पिशवीत टाकल्या. तिनं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, तर कमळला बरं वाटलं असतं.

तानी त्या खोलीत पुन्हा आली नाही. कमळचं मात्र चांगलं चाललं. दोन हजार आठ साली मुरबाडला आशा कार्यकर्त्यांचं शिबिर होतं, तिथं तिला मार्गदर्शक म्हणून बोलावलं. बाळ कसं धरायचं ते कोण दाखवतं, असं तिनं विचारल्यावर रुपा नावाची एक सावळी पोर उठली. समोर ठेवलेल्या बाहुलीचं पोट तिनं आपल्या पोटाला लावलं आणि बोटानं हनुवटी जराशी खाली केली.

"कुठं शिकलीस गो?" कमळनं विचारलं, पण तिला ते कळून चुकलं होतं.

"आमच्या वाडीतल्या तानीआजीकडं," रुपा म्हणाली. अगदी सहज, सगळ्यांसमोर.

समोर चाळीस बाया बसल्या होत्या. मीही तिच्याकडंच शिकले, एवढंच म्हणायचं होतं. कमळ म्हणाली, "छान. बस."

जेवणाच्या सुट्टीत तिनं रुपाला गाठलं. "कशी हाय तानी?"

"बरी हाय. तुमचं नाव काढते कवा कवा. सांगते, शापूरच्या बाईंचा हात लई हलका हाय."

कमळनं ताट बाजूला सारलं. ती हात धुवायला उठली. पुढच्या वर्षभरात दोनदा ती वाडीला जायचं म्हणून एसटी स्टँडवर गेली. दोन्ही वेळा गाडी लागली, भरली, सुटली. कमळ बाकावरून उठली नाही.