मोजणीला बसणारी बाई

लाइपझिगमध्ये आमचं मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. सहाला मतदान संपून तिथेच मोजणी सुरू होते आणि ती कुणालाही बघता येते. एक म्हातारी दर वेळी घरून उशी आणते, बाकावर ठेवते, चष्मा पुसते आणि मोजणीच्या टेबलाकडे बघत बसते.

जर्मन नागरिक झाल्यावर पहिलं मत देऊन मीही रेंगाळलो. तिला विचारलं, "तुमचा यांच्यावर विश्वास नाही का?"

"आहे की. कम्युनिस्टांच्या काळात आम्ही कागदाची घडी पेटीत टाकून घरी जायचो. एकदा मोजणीला जाऊन बसलो, तेव्हा त्यांची लबाडी कळली."

"पण आता कोण लबाडी करतंय?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आम्ही बसतो ना."

यंदा मतदानाला निघताना मी सोफ्यावरची उशी काखेत मारली.