गालावर न टेकणारी करंगळी

दादांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तळहाताकडे वळू लागले, तेव्हा त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. गिऱ्हाइकाची दाढी करताना वस्तरा उजव्या हातात असतो, हे खरे. परंतु गालाची कातडी ताणून धरण्याचे काम डाव्या हाताचे. तो सपाट टेकला नाही, तर वस्तरा दगा देतो. दुकानात केस धाकटा भाऊ कापत असे. दाढीला मात्र गिऱ्हाइकांना दादाच हवे असत.

शेवटी शस्त्रक्रिया झाली. टाके निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बोटे सरळ ठेवणारी पट्टी दिली.

"काका, रात्री ही बांधूनच झोपायचं. दिवसा तळवा टेबलावर ठेवून सपाट दाबायचा."

पट्टी दादांनी निष्ठेने बांधली. परंतु टेबल दाबत बसणे त्यांना आळशाचे काम वाटले. हाताला खरा व्यायाम म्हणजे मालिश, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून येईल त्याच्या डोक्याला ते फुकट तेल चोळू लागले.

"दादा, असंच चाललं तर गावात एक डोकं कोरडं राहायचं नाही," भाऊ म्हणाला.

पुढच्या तपासणीला बाईंनी हात टेबलावर ठेवायला सांगितला. करंगळीखालून पेन्सिल आरपार गेली.

"व्यायाम केलात ना?"

"रोज. डोक्यांची मालिश!"

बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली. "डोकं गोल असतं, काका. बोटांना तुम्ही गोलच राहायला शिकवलंत. व्रण घट्ट झालाय."

"मग आता दुप्पट दाबतो."

"दाबा. थोडं सुटेल. पूर्ण सुटेल, असं मी नाही म्हणणार."

घरी पत्नीने त्यांच्या हातावर आपले दोन्ही तळवे ठेवून भार दिला. "जन्मभर मूठ आवळून संसार केलात. आता ती उघडायचं नाव घेईल होय?" दादा हसले नाहीत. तिने आणखी जोर लावला.

एके सकाळी निवृत्त मास्तर खुर्चीत बसले. दादांनी फेस लावला, डावा हात गालावर ठेवला. करंगळी मास्तरांच्या डोळ्याखाली टोचली. दादांनी मनगट वळवून पाहिले, कोपर उचलून पाहिले. फेस सुकू लागला.

"चालू दे रे, मी हलत नाही," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

दादांनी वस्तरा मिटून भावापुढे धरला. भाऊ घेईना.

"दादा, तूच कर ना."

"घे म्हणतो ना."

भावाने नव्याने फेस लावला. दादा खुर्चीमागे उभे राहिले. सवयीने त्यांचे हात मास्तरांच्या डोक्याकडे गेले, आणि तेथूनच त्यांनी ते मागे घेतले.